कान आधी, हाक नंतर

मामाचं सलून कात्रीवर कमी आणि तोंडावर जास्त चालायचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मामाच्या तोंडाचा पट्टा सुरू, आणि गल्लीतली एकही भानगड त्यातून सुटायची नाही. उठताना माणसाला डोकं हलकं वाटायचं, ते काही फक्त केस कमी झाल्यामुळे नव्हे. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि मामाचा आवाज गेला.

मामाची धाकटी भाची, जिला सगळं घर बारकी म्हणतं, एका छोट्या कंपनीत कर्नेलवर काम करायची. कर्नेल म्हणजे यंत्र सुरू केलं की सगळ्यांच्या आधी उठणारा आणि मग बाकीच्यांना हाका मारून कामाला लावणारा प्रोग्राम. घरात आई करते तेच काम, फक्त चहाशिवाय. तिची कंपनी बोलका डबा बनवायची: आपण टाईप करायचं, डबा बोलणार. ऑपरेशनच्या आधी बारकीने मामाला आठवडाभर माईकसमोर बसवून त्याचा आवाज भरून घेतला होता. कुणीतरी आपल्याला मुद्दाम बोलायला सांगतंय, याचा त्याला इतका आनंद झाला की ऑपरेशनची धास्तीसुद्धा तो विसरला.

तर चाचणीसाठी म्हणून एक डबा मामाच्या आरशाखाली, पावडर आणि कंगव्यांच्या मध्ये येऊन बसला. उजव्या हातात कात्री, डावा हात डब्यावर. दुकान पुन्हा बोलू लागलं.

पण एखाद्या सकाळी डबा सुरूच व्हायचा नाही. पडदा उजळायचा आणि मग ढिम्म. बंद करून पुन्हा चालू केला तर कधी लगेच बोलायचा, कधी कितीही खटपट केली तरी नाही, आणि गिऱ्हाईकासमोर हा खेळ करायची मामाला लाज वाटायची. मग तो मुकाट्याने केस कापायचा. वर्षानुवर्षं गप्पांना सोकावलेली माणसं त्या शांततेत चुळबुळ करायची. दोन जुनी गिऱ्हाइकं हळूच समोरच्या दुकानात जाऊ लागली. शेवटी मामाने आरशावर दाढीच्या फेसात बोटाने लिहिलं, ‘महिनाअखेर दुकान बंद. गप्प राहून कापायचे तर मेंढ्या भादराव्यात.’ बारकीला ते वाचवेना. मामाला आवाज परत देते असं तीच तर म्हणाली होती!

ऑफिसात मात्र एकही डबा अडकायला तयार नव्हता. बारकी लॅपटॉप आणि वायर घेऊन चार वेळा सलूनमध्ये गेली. चारही वेळा डबा गुणी बाळासारखा सुरू झाला. ‘तुला घाबरतो,’ मामाने फेसात लिहिलं. ती गेली की दुसऱ्या दिवशी पुन्हा ढिम्म.

“त्याला सुरू होताना एक सेकंद थांबायला सांग आणि मोकळी हो,” तिचे साहेब म्हणाले.

“पण साहेब, पाणी कुठे मुरतंय तेच कळलं नाही, तर तो सेकंद घालू कुठे?”

“मग महिनाअखेर मामांचा डबा परत आण. नेम नसलेली वस्तू मी बाजारात नेणार नाही.”

पाचव्या खेपेला बारकी इतक्या घाईत निघाली की वायर टेबलावरच राहिली. सलूनमध्ये मामाने बटण दाबलं. पडदा उजळला. ढिम्म.

“अडकला!” बारकी किंचाळली. “मामा, अडकला रे अडकला!” आणि तिने तिथल्या तिथे फेर धरला. अर्ध्या गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक खुर्चीतच आक्रसलं. मामाने कपाळावर हात मारला आणि लिहिलं, ‘माझी वाचा गेली आणि तू नाचतेस?’

“अरे, आज वायर नाही म्हणून चोर रंगेहाथ सापडला!”

त्यांच्या ऑफिसात एक शिस्त होती. कुठलाही डबा टेबलावर आला की आधी त्याला वायर लावायची, मग बटण. सलूनमध्येही बारकी तेच करायची. त्या वायरीतून कर्नेल आपल्या कामाचं धावतं वर्णन लॅपटॉपवर पाठवतो: हे झालं, आता ते करतो. आणि वर्णन करायला वेळ लागतो. डब्यात प्रोसेसर दोन, दोघं एकदमच कामाला लागतात. आवाजाच्या चिपला हाक मारून उठवायचं, हे पहिल्याचं काम. तिची ओ ऐकायला कान लावून बसायचं, हे दुसऱ्याचं. वायर असली की पहिला वर्णनात गुंतायचा, आणि तो हाक मारेपर्यंत दुसरा कान लावून तयार असायचा. वायर नसली की पहिला सुसाट. कधीकधी चिप ओ द्यायची तेव्हा ऐकायला कोणीच नसायचं, आणि मग दुसरा बसायचा येऊन गेलेल्या उत्तराची वाट बघत. या शर्यतीला त्यांच्या धंद्यात ‘रेस कंडिशन’ म्हणतात.

“म्हणजे बघ मामा, बडबड चालू होती तोवर सगळं सुरळीत होतं.”

हे ऐकून मामाची छाती फुगली. हे तो कधीपासून सांगत होता.

पण अंदाजावर साहेब ऐकणारे नव्हते. बारकीने डब्यावरचे दोन इवले दिवे कामाला लावले: हाक गेली की लाल, कान लागला की हिरवा. दिवा लागायला वर्णनाइतका वेळ लागत नाही. मोबाईलवर चित्रण करून संथ गतीने बघितलं, तर अडकलेल्या प्रत्येक वेळी लाल आधी, हिरवा नंतर. मग तिने मोजक्या ओळी लिहिल्या. दुसरा ‘मी बसलो’ म्हणेपर्यंत पहिल्याने हाक मारायची नाही.

“म्हणजे थांबायलाच सांगितलंस की! मी वेगळं काय म्हणत होतो?” साहेब म्हणाले.

“तुम्ही घड्याळाकडे बघून थांबायला सांगत होतात. मी सोबत्याकडे बघून थांबायला सांगितलं.”

साहेबांनी हुं केलं. मग ऑफिसातल्या सगळ्या वायरी काढून ते स्वतः दिवसभर डबे बंद-चालू करत बसले. एकही अडकला नाही, तरी त्यांचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बारकीबरोबर थेट सलूनमध्ये आले आणि खुर्चीत बसले.

मामाने बटण दाबलं. पडदा उजळला.

“या साहेब! केस बरेच मागे सरलेत, काळजी दिसतेय!” डबा मामाच्या आवाजात खणखणीत बोलला, आणि बारकीचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर मामाला धरबंद राहिला नाही. समोरच्या दुकानदाराची बोथट कात्री, बारकीचं जमत नसलेलं लग्न, साहेबांचा टाळू, एकामागून एक. केस कापून झाले, तरी साहेबांना उठता येईना. दाराशी तीच दोन जुनी गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली आणि खोखो हसू लागली.

इतक्यात मागच्या खोलीतून मामी ओरडली, “अहो, जरा गप्प बसा की! सकाळपासून डोकं उठवलंय!”

ऑपरेशन झाल्यापासून मामीच्या तोंडून हे वाक्य आलं नव्हतं. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती पदराने डोळे पुसत दारात येऊन उभी राहिली.

मामाने कात्री खाली ठेवली. तिच्याकडे बघत त्याने एकेक अक्षर सावकाश टाईप केलं.

“नाही बसणार,” डबा म्हणाला.