चार-चारनं उतरणारा आकडा

निहारनं ऑनलाइन कोर्सचे बाराही धडे दुप्पट वेगानं ऐकले होते. मानसोपचाराच्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला वॉर्ड, ओपीडी आणि झोप यांतलं एकच काहीतरी जमतं. घाईघाईनं बोलणारे प्राध्यापक त्याला निदान जागं ठेवत. कोर्सचं म्हणणं पटण्यासारखं होतं: रुग्ण सुधारतोय की नाही हे अंदाजानं ठरवू नका, दर भेटीला मोजा. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन. बेरीज उतरली की उपचार लागू पडले. प्रमाणपत्रासाठी पाच रुग्णांचे आलेख हवे होते. चार झाले होते.

पाचवे दत्ताजीराव. राहणार सुभानपुरा, बडोदा. रसायनांच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये बसून दर तासाला दाब आणि तापमान वहीत लिहीत आलेले. पहिल्या भेटीत बेरीज बावीस. नवव्या प्रश्नाला, म्हणजे 'मेलेलं बरं असं मनात येतं का', त्यांनी तीन लिहिलं होतं.

निहारनं सरांना विचारून गोळ्या सुरू केल्या, दत्ताजीरावांच्या पत्नीला, सुनंदाकाकूंना, त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा हातात दिला. "काका, दर पंधरा दिवसांनी घरूनच भरून आणा. आकडा उतरायला पाहिजे हं! माझा पाचवा आलेख तुमचाच."

"उतरेल," दत्ताजीराव म्हणाले.

उतरला. अठरा, चौदा, दहा. नवव्या प्रश्नाला शून्य.

"केम छो, काका?"

"मजामां." बडोद्यात या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही, तिरडीवरचा माणूससुद्धा हेच सांगेल.

निहारनं टॅबलेट फिरवून आलेख दाखवला. "बघा, कसा सरळ उतरलाय!"

दत्ताजीरावांनी चष्मा वर करून निरखलं. "फारच सरळ आहे, डॉक्टर. आमच्याकडे असा आकडा दिसला की साहेब काचेवर टिचकी मारून बघायचे. अडकलेला काटा फार छान आकडे देतो."

"तुम्ही पण ना, काका!" निहार मनापासून हसला. दत्ताजीरावांची कॉलर मानेपासून दोन बोटं सुटली होती, पण तिला आलेखात जागा नव्हती.

पाचव्या भेटीला सुनंदाकाकू एकट्याच आल्या. कपाळ मोकळं.

"परवा तेरावा झाला," त्या म्हणाल्या. "त्यांनीच... संपवलं स्वतःला." आणि त्यांनी टेबलावर एक पाकीट ठेवलं.

आत फॉर्म होते. पाचव्या भेटीचा सहा. सहाव्या भेटीचा दोन. सातव्या भेटीचा शून्य. तारखा घातलेल्या, सह्या केलेल्या.

"पहिल्या दिवशी इथून आम्ही घरी गेलो, त्याच दुपारी बसून त्यांनी सगळे भरले. मी म्हटलं, अहो, पुढचे आत्ताच? तर म्हणाले, पोराला उतरता आकडा हवाय. काटा बंद पडला की कारखान्यातही असंच करायचे म्हणे. दुरुस्त करायचा तर सगळा प्लांट थांबवावा लागतो."

"काकू, मला सांगायचं ना..."

"तुम्ही खूश दिसायचात."

चौथ्या धड्यात प्राध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं: आकडा बघा, मग माणसाकडे बघा आणि त्याला आकड्याबद्दल विचारा. दुप्पट वेगात ते वाक्य दोन सेकंदांत गेलं होतं.

"हे चालतील ना?" काकूंनी फॉर्म नीट जुळवून पुढे सरकवले. "तुमच्यासाठीच केलेत त्यांनी."

निहारनं फॉर्म परत पाकिटात घातले. मग त्यानं विचारलं, "काकू, तुम्ही कशा आहात?"

"मजामां."

त्यानं टॅबलेट पालथा ठेवला. बाहेर एकतीस केसपेपर थांबले होते.

"खरं सांगा," तो म्हणाला.