गोळ्यांच्या रश्शातलं मीठ

खिम्याचे गोळे रश्शात सोडून झाले, दुधी-गाजराच्या फोडी शिजत आल्या, आणि श्रीदेवीला काही केल्या आठवेना की रश्शात मीठ पडलं की नाही. खिम्यात घातलं होतं, ते नक्की. पुढचं सगळं गडबडीत गेलं होतं.

दुसरी कुणी असती तर थेंबभर रस्सा तळहातावर घेऊन मोकळी झाली असती. श्रीदेवीला ती सोय नव्हती. मंद्रूपच्या शाकाहारी लिंगायत घरातली ही मुलगी सयाजीशी लग्न करून सोलापुरात, मटणाशिवाय रविवार न मानणाऱ्या घरात आली, तेव्हा तिच्या आईनं, निंगव्वानं, एकच अट घातली होती.

"शिजव. पर तोंडात घालू नको. तवर माज्या सैपाकघराचं दार तुला उगडं हाय."

ती अट तिनं आजवर पाळली होती. तिखट वासावरून ओळखायची आणि मिठासाठी वाटी सासऱ्यांपुढं, कोंडीबांपुढं ठेवायची. कोंडीबांचे दात गेले तेव्हा त्यांच्यासाठीच हा मऊ गोळ्यांचा, भाज्या घातलेला रस्सा घरात सुरू झाला, आणि असा नावाजला की पाहुणे मागून खाऊ लागले.

पण पॅरालिसिसचा झटका आल्यापासून म्हाताऱ्याची चव गेली होती. ते कबूल करतील तर शपथ. मागच्या रविवारी दुप्पट मिठाचा रस्सा त्यांनी खुशाल पास केला आणि सगळ्यांची ताटं तशीच राहिली. सयाजी तेव्हा बोलला ते तिला फार लागलं होतं.

"चाकून बगितलंस तर काय मरतीस व्हय?"

आज माळशिरसची मंडळी, लेकीची, अंकिताची होणारी सासरची माणसं, पहिल्यांदाच जेवायला येत होती. सयाजी त्यांना आणायला गेलेला, अंकिता पार्लरमध्ये, शेजारच्या महानंदाच्या दाराला कुलूप. सासऱ्यांनी वाटी चाटूनपुसून रिकामी केली आणि बेस झालाय म्हणाले.

तेवढ्यात सयाजीचा फोन आला, गाडी नाक्यावर पोचली होती. आपल्याला कुणी या ओट्याला बांधून घातलंय असं श्रीदेवीला वाटलं. रस्सा बिघडला तर लेकीला सासरी पहिल्याच दिवसापासून बोल लागणार, चाखला तर माहेर तुटणार. तिला सयाजीचा राग आला, आईचा, अव्वाचाही आला, आणि त्या रागाचा काडीचा उपयोग नव्हता. तिनं पळीनं रस्सा तळहातावर घेतला आणि चाटला.

अळणी होता. तिनं मीठ घातलं. मग बरोबर पडलं का, हे बघायला पुन्हा चाखावंच लागलं.

जेवताना विहीणबाईंनी दुसऱ्यांदा रस्सा मागितला. सयाजी खूश झाला. वडिलांची चव परत आली, असं त्यानं कौतुकानं पाहुण्यांना सांगितलंसुद्धा.

पातेलं गरम करायला ती आत आली आणि मंद्रूपहून अव्वाचा फोन आला. पंचमी जवळ आली होती, कडबूच्या गोड सारणासाठी गूळ आणून ठेवला होता, आणि लेक कधी येणार एवढंच तिला विचारायचं होतं. रश्शाबद्दल अव्वा कधीच विचारत नसे. तिचा विश्वास होता, आणि तोच श्रीदेवीला आता सोसेना.

"यंदा न्हाय जमायचं, अव्वा."

"का गं?"

"पाव्हणं हायत."

"मग दिवाळीला ये की."

श्रीदेवी व्हय म्हणाली नाही. बाहेरून रश्शासाठी हाक आली, तसा तिनं फोन ओट्यावर ठेवला आणि पातेलं घेऊन वाढायला गेली. मागं अव्वा अजून गुळाचं काहीतरी सांगत होती.