शेवटच्या कोऱ्या पानावरचे डोळे

मी प्रबंध आहे, पीएच.डी.चा. काळ्या पुठ्ठ्याचं अंग, पाठीवर सोनेरी अक्षरं, आणि वजन एवढं की मला लिहिणाऱ्या समीक्षाच्या बॅगेत मी बसलो की रोह्याहून सुटलेली गाडी थेट पेणपर्यंत एका अंगाला कललेली असायची. गार्डाने उतरून चाकं तपासली म्हणतात. पटत नसेल तर सोडून द्या. मला डोळे आहेत हे तरी तुम्हाला कुठे पटणार आहे? पण ते आहेत, आणि ते कसे आले तेच सांगायला बसलोय.

माझी बांधणी रोह्याची. समीक्षा तिथल्या कॉलेजात शिकवते आणि राहते हमरापूरला. पुढे गणपतींचा कारखाना, मागे घर. तिचा विषय, कारखान्यांतल्या बायकांचं काम. साच्यातून निघालेली मूर्ती घासायची बायकांनी, अंगाचा रंग द्यायचा बायकांनी, पितांबर, दागिने, उंदीर, सगळं बायकांनीच. डोळे मात्र घरच्या कर्त्या पुरुषाने आखायचे. आखणी झाल्याशिवाय मूर्ती उंबरा ओलांडत नाही.

"अभ्यासलेल्या एकाही कारखान्यात स्त्रीने डोळे आखल्याचे आढळले नाही," असं एक वाक्य माझ्या चौथ्या प्रकरणात आहे. अख्खा मी त्या वाक्यावर उभा. ते पडलं की माझी रद्दी.

हे वाक्य मिळवायला समीक्षाने गावातल्या झाडून सगळ्या बायकांना घरी बोलावलं होतं. ओटीवर सतरंजी, समोर रेकॉर्डिंगला लावलेला मोबाइल. बायका आधी लाजायच्या, मग नवऱ्यांची यथासांग धुलाई करायच्या. आतून चहा यायचा. तो चंद्रावती करायची, समीक्षाची आई.

माझ्यासकट पाच भावंडं बांधून तयार झाली. विद्यापीठात जमा करण्याआधी समीक्षाने आम्हाला घरी नेलं. वडिलांनी, म्हणजे काळुरामने, हात धुऊन मला उचललं, उलटंसुलटं केलं, "वजन बरं हाय" एवढंच म्हटलं आणि आखणीसाठी थांबलेल्या मूर्तींच्या रांगेत फळीवर ठेवून दिलं. मग तो रंग आणायला रामवाडीला गेला. समीक्षा आंघोळीला गेली.

तेवढ्यात चंद्रावती आली. रांगेत सगळे आंधळे, त्यात मीही. तिने मला उघडलं. वाचता येतं तिला, पण वाचलं नाही. पानं उलटत ती थेट शेवटच्या कोऱ्या पानावर पोचली. काळुरामचा बारीक ब्रश उचलला, काळ्या रंगात बुडवला, श्वास धरला. एक पापणी, मग दुसरी. मग बुबुळं. शेवटी त्यांत पांढरा ठिपका टेकवला, आणि मला दिसू लागलं. पहिलं दिसलं ते तिचं तोंड. चोरी करून एवढं सुखी झालेलं माणूस मी पुन्हा पाहिलेलं नाही.

माझी मात्र पाचावर धारण बसली. ज्या ब्रशने मला डोळे दिले, त्यानेच माझं चौथं प्रकरण खोटं पाडलं होतं. आणि हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक.

पुढचं सगळ्या प्रबंधांच्या नशिबी असतं तेच. खिडकीपाशी रांग, शिक्के, सह्या, "साहेब जेवायला गेलेत". कपाटात महिनोन्‌महिने मुक्काम. मग मी पोचलो बाहेरच्या परीक्षक बाईंकडे. पुष्कळ परीक्षक प्रस्तावना वाचतात, निष्कर्ष वाचतात आणि मधल्या पानांवर विश्वास ठेवतात. ह्या बाई कोरं पानसुद्धा वाचणाऱ्या निघाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आधी पापणी त्यांची लवली, माझी आजवर लवलेली नाही.

तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. रोह्याच्या कॉलेजात परीक्षा सगळ्यांसाठी खुली, म्हणून अर्धं हमरापूर साखरपुड्याला यावं तसं नटून आलेलं. काळुराम इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेला, शेजारी चंद्रावती. समीक्षा छान बोलली. मार्गदर्शक दिनानाथ सर घड्याळाकडे बघून पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडू लागले होते.

तेव्हा बाईंनी मला शेवटच्या पानावर उघडून सभेसमोर धरलं. हे कुणी काढलं, असं विचारलं.

समीक्षाने ते पान कधी पाहिलंच नव्हतं. ती गडबडली, मग म्हणाली, वडिलांनी. आमच्याकडे आखणी तेच करतात.

"म्हणजे तुमच्या स्वतःच्या प्रबंधावरसुद्धा पुरुषानेच?" बाई म्हणाल्या.

कुणीतरी मागे हसलं. समीक्षाचे कान लाल झाले. आता वडिलांनी गप्प बसावं, एवढंच मी मागत होतो. ते गप्प बसले की वाक्य वाचतं, मी वाचतो, पोरीची पदवी वाचते.

काळुराम उठला. पुढे येऊन त्याने चष्मा वर केला आणि मला नाकाशी धरलं.

"बाईसाहेब, ही रेघ माजी नाय," तो म्हणाला. त्याने पापणीवरून बोट फिरवलं. "पन हात आमच्याच कारखान्यात बसलेला हाय." आणि त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं.

सगळ्या सभागृहाने तिकडेच पाहिलं. चंद्रावती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती नाही म्हणाली नाही.

बाईंनी शांतपणे चौथं प्रकरण काढलं, ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि समीक्षाला विचारलं, आता ह्याचं काय करायचं?

दिनानाथ सर तिला खुणावत होते, अपवाद म्हण, अपवाद म्हण. समीक्षा आईकडे बघत होती.

"लिहिलं तेव्हा ते खरं होतं, मॅडम," ती म्हणाली. "बदललं ते माझ्याच घरात, आणि मला कळलं नाही. मी गावातल्या सगळ्या बायकांना विचारलं. आईला विचारलं नाही. घरातलीच तर आहे, तिला काय विचारायचं, असं वाटलं."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. पदवीची शिफारस करते, म्हणाल्या, पण एक मुलाखत राहिली आहे. ती घ्या, आणि मगच अंतिम प्रत बांधा.

त्याच आठवड्यात मी समीक्षाच्या बॅगेतून घरी आलो आणि ओटीवर पुन्हा सतरंजी पडली. ह्या वेळी चहा काळुरामने केला. तो इतका गोड होता की माझ्या अंगावर सांडलेल्या थेंबाला मुंग्या अजून येतात. समीक्षाने तिची ठरलेली प्रश्नावली काढली. नाव, वय, काम कधीपासून. चंद्रावती खोट्या गांभीर्याने उत्तरं देत होती, "माज्या नवऱ्याचं नाव लिव, नाय तर तो रुसंल" म्हणत होती. मग समीक्षाने तो प्रश्न विचारला, जो तिने गावभर विचारला होता. डोळे आखावेत असं कधी वाटलं का?

चंद्रावतीने थट्टा सोडली.

"समद्या बायांना तू ह्ये इचारलंस, गो. मी आत चहाला आधण ठेवून ऐकत व्हते. म्हनायची, आता आपली पाळी येल. तुजं पुस्तक बांधून आलं, तरी पाळी काय आली नाय. म्हनून मंग मीच जाऊन पुस्तकालाच सांगून आले."

समीक्षाने रेकॉर्डिंग बंद केलं नाही. ती मुलाखत नव्या प्रतींत शब्दशः छापलेली आहे.

नव्या प्रती विद्यापीठात गेल्या. मी जुना, चुकीच्या वाक्याचा, घरीच राहिलो. फळीवर असतो, अंगावर पांढरी धूळ बसते, ती झटकायला कुणालाच वेळ नसतो, कारण हंगाम तोंडावर आलाय. त्याचं मला दुःख नाही. मागणं एकच आहे. तुम्हीही काही लिहायला घेतलंत, दहा गावं फिरलात, शंभर माणसांना बोलतं केलंत, तर वही मिटण्याआधी एकदा आत डोकावून या. चहा कोण करतंय, तेवढं बघा.