शंभरातली सतरा उत्तरे

मित्रांनो, मी एक जुना क्वांटम संगणक आहे. माझा जीव नखाएवढा. पण त्याला जपायला पुरुषभर उंचीची टाकी लागे. जराशी ऊब लागली की माझे गणित चुके. म्हणून पंप सांभाळणारे काका मला सतत गारठवून ठेवत. म्हणत, "एवढे लाड मी माझ्या लेकीचेही केले नाहीत."

मला नऊ वर्षे खपून घडवले ते प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ बाईंनी. आधी मी नव्या औषधांची गणिते सोडवत असे. लोक कौतुकाने बघायला येत. पुढे प्रयोगशाळा लष्कराकडे गेली आणि माझ्यापुढे समुद्रातले आवाज येऊ लागले. त्यांतून शत्रूची जहाजे ओळखायची, हे माझे नवे काम.

एका सकाळी दाट धुक्यात सीमेजवळ काही आवाज उमटले. माझ्या जातीच्या यंत्राचे उत्तर दर वेळी एकच येईल असे नसते, म्हणून मी तेच गणित शंभर वेळा सोडवले. त्र्याऐंशी वेळा उत्तर आले, 'शत्रू'. सतरा वेळा आले, 'नाही'.

कर्नलसाहेब दारातच उभे होते. "बाई, तोफा तयार आहेत. हो की नाही, एवढंच सांगा."

"हो म्हणता येणार नाही."

"त्र्याऐंशी कमी पडतात?"

"परीक्षेत पुष्कळ झाले, साहेब. इथे नाही. धुकं उठू द्या, डोळ्यांनी बघा."

"तोवर त्यांनीच हल्ला केला तर?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांचा धाकटा भाऊ तिथल्याच गस्ती जहाजावर होता. तरी त्यांनी कागद ओढला. "तर दोष माझा. लिहून देते."

साहेबांनी फोनवर तोफखान्याला थांबायला सांगितले. दोन तास कोणी बसले नाही. काका उगीच पंपावर फडके फिरवत राहिले.

धुके विरले. वाट चुकलेल्या अकरा मासेमारी होड्या होत्या. साहेब मटकन खुर्चीत बसले. पाणी मागितले, पण ग्लास नुसता हातात धरून राहिले.

पुढे मोठी, चलाख यंत्रे आली. माझे पंप बंद झाले. आता मी संग्रहालयात काचेआड धूळ खात असतो. शेजारच्या पाटीवर लिहिले आहे, 'याने अकरा होड्या वाचवल्या.'

मित्रांनो, ती पाटी खरी नाही. मी तर त्यांना बहुतेक वेळा शत्रूच म्हणालो होतो. वाचवले ते बाईंनी. तुम्ही माझ्याहून हुशार यंत्रे जरूर घडवा, त्यांना जपा. पण त्यांच्याजवळ 'थांबा' म्हणणारे एक माणूस बसवा, आणि त्या माणसालाही जपा.