जड स्क्रू

“बा, या गाडीला झालंय तरी काय? चढावर नुसती धापा टाकते, अगदी तुझ्यासारखी!” बिरेतनं हेल्मेट बेंचवर आपटलं. “पट्टा बदल म्हणालास, बदलला. प्लग बदल म्हणालास, तेही बदलले. आता काय, माझी हाडं बदलू?”

शेडमध्ये तिच्या बर्फगाडीशेजारी आस्लाक फडक्यानं हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते.

तेवढ्यात दार ढकलून इंगा आत आली. आस्लाकच्या धाकट्या भावाची, मिक्कलची विधवा. बुटांचा बर्फ झाडायचंही तिला भान नव्हतं.

“भाऊजी, रेनडिअरचा कळप तळ्यापलीकडे गेला. वरच्या खिंडीतून. सगळ्या माद्या, सगळ्या गाभण. आणि मागोमाग लांडग्याच्या खुणा आहेत.”

“फाडल्या काही?”

“दोन तर मला दुर्बिणीतनंच दिसल्या. आज-उद्या पिल्लं पडायला लागतील. ती पण त्याच्याच ताटात जायची.”

बिरेतनं हेल्मेट पुन्हा उचललं. “निघते मी. ऊन चढायच्या आत तळं ओलांडते.”

आस्लाकनं फडकं बेंचवर टाकलं.

तळ्यावर कुणाचाच विश्वास राहिला नव्हता. बंधारा झाल्यापासून वीज कंपनी हिवाळाभर खालून पाणी ओढून घेते. वरचा बर्फ तसाच अधांतरी लोंबकळत राहतो, पोकळ, वरून मात्र साजरा. वीज जाते दक्षिणेला, तिथल्या लोकांच्या खिडक्या उजळायला. इथल्या माणसांना मिळतो काठावरचा फलक: स्वतःच्या जबाबदारीवर जा. फलक मात्र कंपनी न चुकता दरवर्षी रंगवते. वसंतात मधोमध काळ्या पाण्याची पट्टी उघडते. वेगाच्या खटक्यावर अंगठा दाबून धरला, तर भरधाव गाडी त्या पट्टीवरून पाण्यावरच घसरत पार होते. वेग पडला, की ती नुसतं लोखंड.

मिक्कल गेल्या वसंतात तिथंच गेला.

“बंधाऱ्यावरून वळसा घाल,” आस्लाक म्हणाला.

“तिथला बर्फ कधीच वितळलाय. चालत जायला उद्या उजाडेल. तोवर लांडगा ढेकर देऊन झोपला असेल.”

“मग माझी गाडी घे.”

“तुझा तो रणगाडा? त्यापेक्षा पोहत जाते की!”

इंगा फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. कारण आस्लाक दारात जाऊन उभा राहिला होता, दोन्ही हात चौकटीला लावून.

“बाजूला हो, बा.”

“क्लच उघडायचाय.”

“आत्ता?”

“गाडीला काही झालेलं नाही. मी केलंय ते.”

बोलण्यापेक्षा हात चालवणं त्याला सोपं होतं. त्यानं गाडीचं झाकण काढलं, क्लच सोडवला आणि आतली तीन वजनं बेंचवर मांडली. बोटाएवढी, वाकडी, लोखंडी. इंजिन फिरलं की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि पट्टा आवळतात. प्रत्येकाच्या टोकाला एक भोक, त्यात बिनडोक्याचा बारका स्क्रू. तो हलका असला की इंजिन मोकळं उसळतं. जड असला की पट्टा आधीच करकचून आवळला जातो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो.

“मिक्कल गेल्यावर मी तुझे हलके काढले,” तो मान खाली घालून म्हणाला. “पोलादी घातले. वाटलं, हळू जाशील.”

बिरेतच्या नाकपुड्या पांढऱ्या पडल्या.

“पायबंद घातलास,” ती म्हणाली. “मला. न सांगता. आणि हिवाळाभर मी पट्टे बदलत बसले, येड्यासारखी.”

“काढतो आत्ता.”

“काढ. आणि लवकर काढ.”

त्यानं गॅसची बत्ती पेटवली. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लाल डिंकानं चिकटवलेले होते. डिंक तापून धूर सोडेपर्यंत किल्ली लावायची नाही, हे आख्ख्या गावाला त्यानंच शिकवलेलं. पहिला तापला, उग्र वासाचा धूर आला, किल्ली वळली. दुसराही निघाला. तिसऱ्याला बत्ती धरली आणि बाहेर, तळ्याच्या बाजूला, बर्फ दणकला. तोफेसारखा. आस्लाकचा हात दचकला. धुराची वाट न पाहता त्यानं किल्ली घातली आणि जोर लावला.

किल्ली गरकन फिरली. स्क्रू जागचा हलला नाही. त्याच्या तोंडातले सहा कोपरे घासून गोल झाले होते.

दोन हलकी, एक जड, अशी वजनं लावली तर क्लच थरथरून पाण्याच्या मधोमध फुटेल. तिन्ही जड ठेवली तर गाडी तिथवर जाऊन दमेल. आपल्याच हातानं मारलेली खुट्टी आपल्यालाच उपटेना.

“राहू दे,” तो पुटपुटला. “बघ, निघत नाही. नको जाऊस. देवालाच नकोय.”

“देवाच्या नावावर खपवू नकोस. तो स्क्रू देवानं लावला नव्हता.”

“पोरी, मिक्कल वेगानंच मेला! रात्रंदिवस मला तेच दिसतं. भरधाव गेला आणि...”

“कुणी सांगितलं तुला?” बिरेत जवळ आली. “मी होते काकाच्या मागं, माझ्या गाडीवर, तू नव्हतास. त्यानं पाणी पाहिलं आणि घाबरला. खटक्यावरचा अंगठा सोडला त्यानं, बा. गाडी मंद झाली आणि बुडाली. मी सोडला नाही, म्हणून मी इथं उभी आहे.”

आस्लाकनं बत्ती खाली ठेवली.

आस्लाकनं इंगाकडे पाहिलं. ती जमिनीवरचं बर्फाचं पाणी पाहत होती.

“मला तिनं त्याच रात्री सांगितलं होतं, भाऊजी. तुम्ही विचारलंच नाहीत. वर्षभर या शेडमध्ये तोंड लपवून बसलात. नवरा माझा गेला, आणि भिऊन तुम्ही बसलात.”

आस्लाकनं बत्ती पुन्हा उचलली. या वेळी त्यानं धुराची वाट पाहिली. मग एक नंबर मोठी, धारदार दात्यांची किल्ली त्या गोल झालेल्या भोकात हातोडीनं ठोकली. दात लोखंडात रुतले. त्यानं श्वास रोखून वळवली. स्क्रू कुरकुरला, अडला, आणि सुटला.

वरच्या फळीवर तंबाखूची जुनी डबी होती. तिच्यात बिरेतचे तीन हलके स्क्रू कापसात गुंडाळलेले होते. त्यानं आटे पुसले, तिन्ही बसवले आणि डिंकाची बाटली घेतली.

“हा आळायला रात्र जाते. उबेत.”

“रात्र नाहीये आपल्याकडे. पंच घे.”

तो थबकला. पंचाचं पोलादी टोक ठेवून भोकाचं तोंड ठोकून चेपलं की स्क्रू धक्क्यानं सुटत नाही. पण मग तो कुणालाच काढताही येत नाही. असलं काम कुणी केलेलं दिसलं की आस्लाक त्याला खाटीक म्हणायचा.

“कायमचे बसतील,” तो म्हणाला. “पुन्हा बदलता यायचे नाहीत. मलासुद्धा.”

“तेच हवंय मला.”

बिरेतनं वजन बेंचवर धरलं. आस्लाकनं पंच टेकवला. तिनं आपल्या दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं. हातोडी पडली. भोकाचं तोंड मिटलं. मग दुसरं. मग तिसरं.

क्लच जोडून झाला. बिरेतनं हेल्मेट चढवलं, दोर खेचला आणि इंजिन असं किंचाळलं, की फळीवरची डबी खाली पडली. हा आवाज आस्लाकनं वर्षभर ऐकला नव्हता. त्यानंच तो गाडून टाकला होता.

“जाऊ?” काच वर करून तिनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं होतं.

“अंगठा सोडू नकोस,” आस्लाक म्हणाला.

ती गेली. उतारावरून तळ्यात उतरली. आधी गाडी दिसत होती, मग ठिपका, मग उन्हाच्या झगझगाटात ठिपकाही हरवला. आवाज तेवढा उरला. एकसारखा, उंच, ताणलेल्या तारेसारखा. काळ्या पट्टीपाशी त्याचा सूर बदलला, पोकळ झाला, खाली कुणी घागर धरावी तसा. इंगानं दोन्ही हात तोंडावर दाबले. सूर तसाच लांबत राहिला. मग पुन्हा भरीव झाला, बारीक होत गेला आणि डोंगराआड विझला.

“पार झाली,” इंगा म्हणाली. “भाऊजी, पार झाली ती. चला घरात, कॉफी टाकते.”

आस्लाक हलला नाही. तिनं वळून पाहिलं. त्याचा उजवा अंगठा दाराशेजारच्या बेंचच्या कडेवर दाबलेला होता, नख पांढरं फटक पडेस्तोवर.

“सोडा आता,” ती हळूच म्हणाली.

तळ्यावर कसलाच आवाज नव्हता. आस्लाकनं अंगठा तसाच दाबून धरला.