धाकटीचं शपथपत्र

क्वालालंपूरच्या त्या बड्या वकिली ऑफिसात एक रीत होती. लिहिलेली कुठेच नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. साहेबाकडून कोर्टाची मुदत चुकली की शपथपत्र ऑफिसातल्या सगळ्यात नव्या वकिलानं करायचं: तारीख बघताना माझाच घोळ झाला, दोष माझा. एवढे हुशार लोक त्या काचेच्या इमारतीत, आणि तारीख चुकायची ती नेहमी धाकट्याचीच. काय योग म्हणायचा हा!

या खेपेला पाळी वान सुहैलाची होती. कोता भारूकडची, स्कूलबस चालवणाऱ्याची मुलगी, सनद मिळून जेमतेम सात महिने झालेली. अशील होता साआद नावाचा सत्तरीतला शिंपी. सगळे त्याला पाकचिक, म्हणजे काका म्हणत. त्याच्या राहत्या घराची जागा खालच्या कोर्टानं बिल्डरच्या पदरात टाकली होती. अपिलाला तीस दिवस. सुहैलानं कागद बाराव्या दिवशीच तयार करून दातुक खू यांच्याकडे पाठवले. दातुक हा त्यांचा मानाचा किताब; ते ऑफिसचे थोरले भागीदार, त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कागद हलायचा नाही. तिनं तीनदा आठवण केली. तिन्ही वेळा उत्तर आलं, थांब, बघतो. साहेबांचं बघून होईपर्यंत चौतिसावा दिवस उजाडला.

आता उशीर माफ करा म्हणून अर्ज करायचा होता आणि सोबत सुहैलाचं शपथपत्र जोडायचं होतं. ते आयतं टाइप करून मेई शाननं आणलं. मेई शान तिला चार वर्षांनी सीनियर, आणि या ऑफिसात तिच्याशी धड बोलणारी एकटीच.

"यात एक ओळ खरी नाही," सुहैला म्हणाली.

"नसू दे. मी असली दोन केलीत." मेई शाननं पेन पुढे केलं. "जज पाच मिनिटं झापतात, आपण मान खाली घालायची, संपलं. दातुकचं नाव खराब झालं तर अशील येतील का इथे? आणि पुढच्या महिन्यात तुला कायम करायचंय, विसरलीस?"

विसरेल कशी? तिच्या बापानं अख्ख्या गल्लीला आधीच सांगून ठेवलं होतं.

शपथ देणारा अधिकारी खालच्या झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून बसायचा. त्यानं वर न बघता विचारलं, यातलं सगळं खरं ना? ती हो म्हणाली. जीभ जरा अडखळली असती तरी तिला बरं वाटलं असतं. ती अडखळली नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

पुत्रजायाच्या अपील कोर्टात तीन न्यायमूर्ती बसले होते. मधल्यांनी तिचं शपथपत्र नावासकट मोठ्यानं वाचून दाखवलं. वकिलाचा निष्काळजीपणा ही काही सबब नाही, असं म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला. झालं. पाकचिकचं घर गेलं. झापायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत.

बाहेर आल्यावर म्हातारा सरळ तिच्याकडेच आला. आता हा थोबाडीत मारणार, असं तिला वाटलं. मारली असती तर ती त्याच्या पाया पडली असती.

"रडू नकोस, पोरी," तो म्हणाला. "माझ्या नातीएवढी तू. चूक माणसाकडूनच होते. वकिली सोडायचं डोक्यात आणू नकोस बरं."

मी नाही हो चुकले, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. पण आता ते बोलणं म्हणजे खोटी शपथ कबूल करणं. सनद जाणार, वर तुरुंग. स्वतःचं तोंड तिनं स्वतःच्या सहीनं बांधून घेतलं होतं.

म्हातारा तेवढ्यावर थांबला नाही. दातुक खू लिफ्टपाशी फोनवर बोलत उभे होते. तो त्यांच्यासमोर गेला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"दातुक, एक विनंती आहे. या पोरीला कामावरून काढू नका. माझं व्हायचं ते झालं."

दातुकांनी फोन खाली घेतला. थोडा विचार केल्यासारखं केलं.

"तुम्ही म्हणताय म्हणून ठेवतो," ते म्हणाले, आणि सुहैलाकडे वळले. "पाकचिकचे आभार मान."

तिनं मानले.