पाणी न घातलेला दिवस

“मामी, जरा खोल खोचा. वाऱ्याची झुळूक आली तरी माना टाकतील ही.”

जावई वाफ्याच्या कडेला उभा राहून बोलत होता आणि झारीमावशी उकिडव्या बसून फांद्या खोचत होत्या. काळी प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत माती आणि मधोमध वाळून काडी झालेलं रोप. ते उपटायचं, बोटानं भोक पाडायचं, पहाटे रानातून तोडून आणलेली हिरवी फांदी त्यात बसवायची आणि वरून माती दाबायची. लांबून बघणाऱ्यानं म्हणावं, वा, काय तरारलीत रोपं!

“खोल खोचली म्हणून मूळ फुटत नाही, जावईबापू,” मावशी म्हणाल्या.

“मूळ कुणाला पाहिजे? दुपारपर्यंत उभी राहिली की गंगेत घोडं न्हालं.”

शेजारच्या वाफ्यात लांबी बसली होती. उंचीवरून पडलेलं नाव, आणि जीभही उंचीला शोभेल अशी. ती म्हणाली, “मुकादम, आम्हालाही पहाटेपासून उभं केलंत तर दुपारी आमच्याही माना पडतात. तेव्हा नाही कुणी बघायला येत.”

बायका हसल्या. जावई हसला नाही. घड्याळ बघत तो फाटकाकडे गेला.

मावशींचं खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथंच राहिलं. त्या लग्न होऊन आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात या रोपवाटिकेत कामाला लागल्या. तेव्हा इथं पत्र्याची एक शेड होती, एक दगडी टाकी होती आणि वर, डोंगराच्या अंगावर, घोंगडी पांघरल्यासारखं जुनं रान होतं. त्या रानातल्या झऱ्याचं पाणी नळीनं टाकीत यायचं. भर उन्हाळ्यातही त्या पाण्यात हात घातला की कोपरापर्यंत शिरशिरी यायची. नव्या नवरीच्या हातात पहिल्या दिवशी झारी दिली ती जुन्या साहेबांनी. झारीच्या तोंडाला भोकाभोकाची चाळणी, तिच्यातून पाणी कसं सांडायचं तेसुद्धा त्यांनी दाखवलं. “अंगावर ओतू नका. फेकल्यासारखं नको, ओवाळल्यासारखं पडू द्या.” तेव्हापासून झारी मावशींच्या उजव्या हाताला चिकटली ती चिकटलीच. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही सकाळी त्या पाणी घालायला आल्या होत्या. बायका म्हणाल्या, अगं, आज तरी. मावशी म्हणाल्या, “रोपांना काय सांगू, आज माझा माणूस गेलाय म्हणून तहान लावून घेऊ नका?”

असं ते पाणी. आणि याच उन्हाळ्यात टाकी पहिल्यांदा कोरडी पडली.

झरा आटला नव्हता. वरच्या रानातून रुंद रस्ता काढायचं ठरत होतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बंगले, हॉटेलं, काय काय. मोजणीवाल्यांची छावणी वर पडली आणि नळी तिकडे वळवली गेली. “थोडे दिवस,” असं जावयाला सांगितलं. थोड्या दिवसांत रोपं तहानेनं मेली. मावशी नदीवरून कळशीनं पाणी आणून घालत राहिल्या, पण कळशीनं वाफे भिजतात का? एका कोपऱ्यातली मूठभर रोपं वाचली, तेवढीच.

आता सरकारची समिती यायची होती. रान तसंच राखायचं की रस्त्याला द्यायचं, हे ती ठरवणार होती. रस्तेवाल्यांचं म्हणणं सोपं होतं: एक झाड तोडलं तर तीन लावू, रोपं तयार आहेत, या, डोळ्यांनी बघा. आणि ती तयार रोपं म्हणजे ही. जावई रोपवाटिकेचा मुकादम, पण अजून कच्चा, कायम न झालेला. रोपं जोमात आहेत असं त्यानं वर कळवून टाकलं होतं. काम निभावलं तर कायम केल्याची ऑर्डर हातात पडणार होती. नाही निभावलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर रोपवाटिकेतली दोन खोल्यांची क्वार्टरही. त्या क्वार्टरमध्ये तो, मावशींची लेक आणि स्वतः मावशी अशी तिघं राहत होती. म्हणजे डोक्यावरचं छप्पर मावशींचंही होतं.

लेक आदल्या दिवशी एवढंच म्हणाली होती, “आई, त्यांना सांभाळून घे. तोंडात तीळ भिजत नाही तुझ्या.”

“मी कशाला बोलते काही?”

“तेच म्हणते. बोलू नकोस.”

फांद्यांचा पुढचा भारा लांबीनं समोर आणून टाकला. मावशींनी वरची फांदी उचलली आणि त्यांचा हात थांबला. फांदीला शेंगा होत्या. चपट्या, हिरव्या, अजून दूध भरलेल्या. ही वरच्या रानातली जुनी झाडं. पानगळ झाली की त्यांच्या शेंगा वाळून फुटत आणि आतल्या पंखवाल्या बिया भिंगरीसारख्या फिरत खाली येत. त्या वेचायला सगळ्या बायका मिळून वर जायच्या. डबे बांधून, गाणी म्हणत, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत. रोपवाटिकेतलं प्रत्येक रोप त्या वेचणीतून आलेलं. एकदा अशाच वेचणीत तरुण असताना मावशींनी विचारलं होतं, “साहेब, एवढी रोपं लावतो आपण, मग आपलंही रान होईल की असंच?” जुने साहेब बियांतला कचरा पाखडत म्हणाले होते, “बाई, फाटलंय तिथं आपण ठिगळ लावतो. पण ठिगळासाठी धडकं कापड फाडतं का कुणी?”

मावशींनी शेंगा तोडून पदरात टाकल्या. कोवळ्या होत्या, रुजणार नव्हत्या. तरी टाकल्या.

“काय गं मावशे, भाजी करणारेस की काय?” लांबी म्हणाली.

“गप बस,” मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज ऐकून लांबी खरंच गप्प बसली.

उन्हं वर आली तेव्हा सगळे वाफे हिरवे दिसत होते. जावई पुन्हा आला, नवा शर्ट घालून. शर्टाच्या घड्या अजून तशाच होत्या.

“मामी, मी वर चाललो समितीला घ्यायला. सकाळी इथंच यायचे होते, आता म्हणतात आधी रान बघणार. उशीर होईल. टाकीत टँकरनं पाणी सोडलंय. दर थोड्या वेळानं नुसता शिडकावा मारत राहा. पानं तजेलदार दिसली पाहिजेत. बाकी कुणावर माझा विश्वास नाही.”

“हो,” मावशी म्हणाल्या.

“नक्की ना?”

“आजवर कधी राहिलंय का पाणी घालायचं?”

जीप धूळ उडवत वर गेली. मावशींनी झारी भरली. पहिल्या वाफ्यापाशी गेल्या, झारी उचलली आणि खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. कोपऱ्यातल्या जित्या रोपांकडे गेल्या आणि त्यांना पाणी घातलं. परत आल्या. फांद्यांच्या वाफ्यापाशी उभ्या राहिल्या. हात आपोआप तिरका झाला, चाळणीच्या तोंडाशी पाणी आलं, आणि त्यांनी मनगट वळवून ते मागं घेतलं. जेवायला बसलेल्या पोराच्या पुढ्यातलं ताट ओढून घ्यावं तसं त्यांना झालं.

त्यांना एका जागी बसवेना. खराटा घेऊन शेडपुढचं अंगण झाडलं. झाडलेलंच पुन्हा झाडलं. खुरपी धुतली, ओळीनं मांडली. मोकळ्या पिशव्यांचा गठ्ठा सोडला, बांधला. मधेच वर बघायच्या. रानाच्या काठाला जीप इवलीशी दिसत होती आणि तोडायच्या झाडांच्या बुंध्यांवर मोजणीवाल्यांनी ओढलेले चुन्याचे पट्टे. एवढ्या लांबूनही ते पट्टे दिसतात याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. की आता ठाऊक आहे म्हणून दिसत होते?

ऊन तापलं. पहिल्या वाफ्यातली पानं कडेनं वळू लागली.

“मावशे, पाणी?” लांबीनं विचारलं. या खेपेला आवाजात चेष्टा नव्हती.

“मी बघते.”

“मारू का मी?”

“मी बघते म्हटलं ना. तुम्ही सगळ्या शेडमध्ये जा, डबे खा. कुणी विचारलं तर सांगायचं, पाण्याचं काम मावशीचं.”

लांबी हलली नाही. “मुकादमांचं काय होईल, कळतंय का तुला?”

“माझ्याच घरात जेवतो ना तो? मला नाही कळणार?”

लांबीनं मावशींकडे नीट बघितलं. मग डोक्यावरचा पदर ओढून ती शेडकडे गेली आणि बाकीच्यांनाही घेऊन गेली.

मावशींनीही डबा उघडला, घास हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. समोर माना पडत होत्या. आधी शेंडे, मग मधली पानं. मावशींना वाटत होतं, उठावं आणि धावावं. एक झारी, फक्त एक झारी, अजूनही सावरता येईल. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. जावई वाईट माणूस नव्हता. मावशींना ताप आला तेव्हा त्यानं पाय चेपून दिले होते. शेजारणीला सांगत होता, आई लहानपणीच गेली माझी, आता मामीच. हे सगळं त्यांना आठवत होतं, आणि पाण्यानं भरलेली झारी त्यांच्या पायाशी तशीच होती. उन्हात तिच्यातलं पाणी कोमट झालं.

समिती आली तेव्हा सावल्या लांबायला लागल्या होत्या. दोन गृहस्थ, चष्मा लावलेल्या एक बाई, रस्तेवाल्यांचा मॅनेजर आणि मागे जावई. वाफे बघताच जावयाचा चेहरा पांढरा पडला. ओळीच्या ओळी माना टाकून उभ्या होत्या.

मॅनेजर मुरलेला होता. हसून म्हणाला, “ऊन लागलंय जरा. रोपंच ती. पाणी मिळालं की संध्याकाळी टवटवीत.”

“आज पाणी घातलं नाही का?” चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

“या मावशी घालतात. वय झालंय, विसरल्या असतील,” मॅनेजर म्हणाला. “काय मावशी? विसरलात ना?”

सगळे त्यांच्याकडे वळले. जावईही वळला. नुसता बघत होता. हो म्हणा, मामी. त्याच्या डोळ्यांत एवढंच होतं. आणि ते सोपं होतं. म्हातारी बाई विसरली, कोण तिला फासावर चढवणार होतं? पाणी मारलं असतं, समिती चहा पिऊन गेली असती, ऑर्डर आली असती, छप्पर राहिलं असतं.

मावशींनी पदरानं तोंड पुसलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “पाणी घालायला मी जन्मात कधी विसरले नाही.”

“मग?”

“घातलं नाही.”

“का घातलं नाही?”

मावशींनी वाफ्याकडे बघितलं. बाईंचीही नजर तिकडं गेली. मग खाली वाकून त्यांनी सहज एका रोपाला हात लावला. ते वर आलं. खाली मूळ नव्हतं, कोयत्याचा तिरका ताजा काप होता. बाईंनी दुसरं उचललं, मग तिसरं. शेडमध्ये लांबीच्या हातातून डब्याचं झाकण पडलं, ते बराच वेळ फरशीवर गोल फिरत राहिलं.

रस्ता थांबला. कायमचा नव्हे, तूर्त. पुढच्या पाहणीपर्यंत रानाला हात लावायचा नाही, असं वरून आलं. चुन्याचे पट्टे राहिले, छावणी उठली आणि नळी पुन्हा टाकीत आली. जावयालाही कागद आला. क्वार्टर खाली करायची होती.

त्या दिवसानंतर लेक आईशी कामापुरतं बोलायची. फक्त एकदा, भांडी पोत्यात भरताना म्हणाली, “तुला सगळी पोटची. आम्ही तेवढी नाही.” मावशींनी तिच्या हातातली कढई घेतली, पुसली आणि पोत्यात ठेवली. जावई भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त बोलताना त्यांना आता काहीच म्हणत नव्हता. चहा ठेवलाय. दार लावून घ्या. मामी हा शब्द त्यानं कुठं ठेवून दिला होता कोण जाणे.

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो फाटकाशी उभा होता. गाद्या, कॉट, पत्र्याच्या पेट्या चढल्या होत्या. मावशी दिसेनात म्हणून लेक शोधायला गेली, तर त्या वाफ्यांत होत्या. कोपऱ्यातल्या रोपांना पाणी घालून झालं होतं. आता त्या फांद्यांना घालत होत्या. त्या पिशव्या अजून कुणी हलवल्या नव्हत्या. पानं करपून तपकिरी झाली होती, हात लागताच गळत होती. मावशी एकेका पिशवीवर झारी तिरकी करत, घाई न करता पुढे सरकत होत्या.

“आई, मेलीत ती,” लेक म्हणाली.

“ठाऊक आहे गं. पण त्या दिवशी तहानलेली ठेवली मी.”

लेक ओळ संपेपर्यंत तिथंच उभी राहिली आणि मग वळून टेम्पोकडे गेली.

शेवटच्या पिशवीपाशी झारी रिकामी झाली. झारी रोपवाटिकेची होती, ती न्यायची नव्हती. मावशींनी ती टाकीच्या काठावर पालथी घातली. टाकीत झऱ्याचं पाणी पडत होतं. त्यांनी कोपरापर्यंत हात बुडवला. शिरशिरी आली.

“चला,” फाटकातून जावयाची हाक आली.

मावशी हात तसाच पाण्यात ठेवून थोडा वेळ थांबल्या. त्या शब्दामागून आणखी एक शब्द येतो का, ते ऐकत राहिल्या. वर रानात वारा सुटला होता. मग टेम्पोचं इंजिन सुरू झालं, आणि त्यांनी हात बाहेर काढून पदराला पुसला.